दोनशे चौदा नंबरचं चित्र

वस्तुसंग्रहालयात नोकरी केली म्हटलं की लोक मला दोनच प्रश्न विचारतात. तिथं सोनंनाणं होतं का, आणि दिवसभर तुम्ही करत काय होता? सोनंनाणं नव्हतं. आणि करत काय होतो ते सांगायला लागलो की समोरचा माणूस चहा संपवून उठतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे. दिवाळी अंक वाचणाऱ्याला तेवढी घाई नसते, म्हणून लिहायला बसलो. सगळी नोकरी सांगत नाही. एकच चित्र सांगतो, कारण त्या चित्रापायी मी जेवढा नाचलो तेवढा माझ्या लग्नातसुद्धा नाचलो नव्हतो.

परभणीचं आमचं संग्रहालय म्हणजे तीन खोल्या आणि एक व्हरांडा. पहिल्या खोलीत नाकं फुटलेल्या मूर्ती, दुसरीत तलवारी आणि तोफेचा एक गोळा, तिसरीत ताम्रपट, जे वाचता येणारा माणूस सगळ्या जिल्ह्यात नव्हता. माझं पद मांडणी सहायक. आमच्या बुद्धवाड्यातला मी पहिला सरकारी नोकर, आणि काम काय, तर देवांच्या मूर्तीवरची धूळ झटकायची! मित्र यावरून माझी यथेच्छ टिंगल करायचे. आई मात्र पाहुण्यांना छाती फुगवून सांगायची, "आमचा उत्तम सरकारात हाय. दगडं सांभाळायला."

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून धंद्याची एवढीच गोष्ट सांगतो. संग्रहालयात वस्तू आली की तिला आधी नंबर पडतो. तो नंबर वस्तूच्या पाठीवर किंवा बुडाशी, दिसणार नाही अशा जागी लिहायचा आणि नोंदवहीत चढवायचा. मग पाटी. पाटीवर तीन ओळी असतात. वस्तू कुणी केली, वस्तू काय आहे, आणि वस्तू कुणाच्या मालकीची आहे. मला या तीन ओळींचा भारी अभिमान होता. पाट्या मी स्वतः बोरूनं लिहायचो. माझं अक्षर बघून आमचे साहेब म्हणायचे, "उत्तमराव, मूर्तीपेक्षा तुमची पाटी बघण्यासारखी आहे." हे साहेब म्हणजे पाठक साहेब, संग्रहालयाचे प्रमुख. बारीक, चष्मेवाले, कागदाला देवासारखं जपणारे आणि वरच्या ऑफिसला फार भिणारे.

बहात्तरच्या दुष्काळाला पाचएक वर्षं उलटून गेली होती. एक दिवस पाठक साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर परदेशी तिकिटाचं पाकीट. अमेरिकेतल्या एका लहान गावच्या संग्रहालयाचं पत्र होतं. त्यांच्या गावची एक बाई, नोरा हॅलम नावाची, दुष्काळात आमच्याकडं मदतीच्या धान्याचं वाटप बघायला आली होती. इथं ती आजारी पडली, घाईघाईनं तिला परत नेलं, आणि वर्षभरात ती वारली. जिवंत असताना तिला कुणी चित्रकार म्हणून विचारलं नाही. आता तिच्या माळ्यावर चित्रांच्या वह्या निघाल्या होत्या आणि त्या बघून तिकडचे जाणकार चाट पडले होते. वहीत एके ठिकाणी लिहिलं होतं, की खरी चित्रं गंगाखेडला पेटीत राहिली.

"शोधा," साहेब म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं गंगाखेडला. धान्य जिथं उतरवत होते ती वखार एका आडत्याची होती. आडत्या म्हणाला, "पेटी? हाय की. तिच्यावर मी पाच वर्षं सरकीची पोती ठेवायलोय. जमिनीची ओल लागत न्हाई." पोती हलवली. खाली हिरवी पत्र्याची पेटी, कुलूप गंजलेलं. हातोडीचा एक घाव घातला, झाकण उचललं, आणि आत कापडाच्या गुंडाळ्या, पोळ्या गुंडाळून ठेवाव्यात तशा! आडत्या विचारतोय, "काय घावलं, काय घावलं?" आणि मी गुंडाळ्या मोजतोय.

गुंडाळी लगेच उलगडायची नसते. वाळलेला रंग पापडासारखा तडकतो. मी पेटी तशीच परभणीला आणली. खोलीत ओल्या पोत्यांचे पडदे सोडले आणि रोज चार-चार बोटं उलगडत, वर वजनं ठेवत, तीन आठवडे काढले. घरी जायलासुद्धा जिवावर यायचं. नोराबाईनं परदेशी पिठाच्या कापडी पिशव्या उसवून, त्यावर सरस लावून, आपल्याकडच्या दुकानात मिळणाऱ्या तेलरंगांनी चित्रं काढली होती. आणि काय चित्रं होती राव! राणीसावरगावच्या माळावरच्या पाझर तलावाचं काम. खडी फोडणारे हात. मातीची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर चढणारा गडी. लाल फडक्यात गुंडाळलेलं लेकरू ढेकळांवर झोपवणारी आई. आम्ही जे बघून बघून डोळे मिटले होते, ते तिनं असं बघितलं होतं की मला माझ्याच मुलखाची नव्यानं ओळख झाली. एकूण एकतीस चित्रं. पुढं कुठंच सही नाही. पाठीमागं मात्र प्रत्येकावर नंबर, आणि तोही मराठी आकड्यांत, शिकाऊ हातानं काढलेला. सगळ्यांत मोठा नंबर तीनशे बेचाळीस.

आता मी काय म्हणणार? जन्मभर वस्तूच्या पाठीवर नंबर टाकलेला माणूस मी. एकतीस सापडली, म्हणजे तीनशे अकरा अजून सापडायची आहेत! मी धावत साहेबांकडं गेलो. साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. त्याच दिवशी अमेरिकेला पत्र गेलं. गावातल्या साप्ताहिकात मी स्वतः मजकूर दिला, की या थोर बाईनं तीनशेच्या वर चित्रं काढली आणि मराठी भाषेवरच्या प्रेमानं नंबरसुद्धा मराठीत टाकले. बाकी सगळं टिपण इंग्रजीत ठेवणारी बाई फक्त नंबर मराठीत का टाकते, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. शहाण्या माणसाच्या डोक्यात तो आला असता.

मग सुरू झाली माझी वणवण. सात महिने सुट्टीच्या दिवशी, बाजाराच्या दिवशी, एस्टीनं, सायकलनं. राणीसावरगावात पारावरच्या माणसांना विचारलं, "ती गोरी बाई चित्रं काढायची का?"

"काढायची की. दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली बसून. लय गुणाची बाई."

"तुम्हाला दिली का चित्रं?"

"न्हाई बा. देते म्हणली होती. मंग एक दिस जीपमधी घालून नेली तिला."

"देते म्हणली होती" हे वाक्य मी माझ्या वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पान उलटलं. आज ते पान बघितलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. मी जाईन तिथं चित्रं विचारत होतो. माणसं विचारतच नव्हतो.

ताडकळसच्या बाजारात तर वेगळीच मजा झाली. तिथं दिगंबर पेंटर म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक वल्ली होता. त्याच्या कानावर गेलं की सरकार चित्रं शोधतंय. पठ्ठ्या मला हाताला धरून घरी घेऊन गेला आणि चार चित्रं पुढं मांडली. "बाईनं मला सोताच्या हातानं देलेली हायत साहेब."

पहिल्या चित्रात खडी फोडणारी बाई होती, पण तिचे केस सिनेमातल्या नटीसारखे. पाठीवर नंबर नऊ. मी अंगठा टेकवला तर अंगठा चिकटला.

"दिगंबरराव, हे ओलं आहे."

"दमट हवा हाय साहेब. रंग सुटलाय."

"पाच वर्षांपूर्वीचा?"

"लय चिकट रंग वापरायची बाई," तो तोंड गंभीर ठेवून म्हणाला. मग त्याला हसू आवरेना आणि मलाही आवरेना. त्याचा हात मात्र चांगला होता. प्रदर्शनाचा मोठा फलक मी त्यालाच रंगवायला दिला. त्यानं तो झकास केला, आणि त्या आनंदात सगळ्या ताडकळसला सांगत सुटला की परभणीला गोऱ्या बाईची चित्रं लागायलीत. सात महिन्यांत माझ्या हातून जे झालं नाही ते या बेरक्या माणसाच्या तोंडाळपणानं केलं, पण ते नंतर कळलं.

तीनशे अकरांपैकी एकही चित्र मिळालं नाही. शेवटी ठरलं की एकतीस चित्रांचं प्रदर्शन आठ दिवस परभणीला करायचं, आणि नंतर ती सगळी पेट्यांत भरून अमेरिकेला पाठवायची. तिथं मोठं प्रदर्शन होणार होतं. नोराबाईची धाकटी बहीण मार्था, कायद्यानं चित्रांची वारस, स्वतः येणार होती. मी चित्रांना मागून नवं मांजरपाट अस्तर म्हणून टाचलं, चौकटीवर ताणलं, आणि वहीत उतरवलेले नंबर घेऊन एकतीस पाट्या लिहिल्या. पहिली ओळ, नोरा हॅलम. दुसरी ओळ जरा अडली. नावंच नव्हती चित्रांना. मग मी माझी बुद्धी चालवली. 'श्रमणारी स्त्री, क्र. ८८.' 'विचारमग्न वृद्ध, क्र. १६०.' आणि सगळ्यांत सुंदर चित्र होतं त्याला, 'अनामिक मुलगी, क्र. २१४.' तिसरी ओळ, मालकी मार्था हॅलम.

ते दोनशे चौदा नंबरचं चित्र सांगायलाच पाहिजे. पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, डोक्यावर मातीची रिकामी पाटी उलटी घातलेली, टोपीसारखी. वाऱ्यानं पदर खांद्यावरून उडालेला. चित्र काढणारीकडं बघून ती अशी काही हसत होती की तुम्ही खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यात जा, ती तुमच्याशीच थट्टा करतेय असं वाटायचं. मार्थाबाई आल्या, साठीच्या, उंच, शांत. सगळी चित्रं बघून झाल्यावर त्या चित्रापुढं येऊन उभ्या राहिल्या आणि साहेबांना इंग्रजीत म्हणाल्या, की तिकडं दारातून आत आल्यावर पहिलं हेच लागेल. मला वाटलं, आपली नोकरी सार्थकी लागली.

उद्घाटन झालं, हार झाले, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई आली. पन्नाशीची असेल, पण दुष्काळानं वाळवलेली माणसं असतात तशी आणखी म्हातारी दिसणारी. चपला कुणी न सांगता दाराबाहेर काढल्या. मला म्हणाली, "साहेब, मी ताडकळसची गयाबाई. दिगंबर पेंटरनं सांगितलं, गोऱ्या बाईची चित्रं लागलीत. दुष्काळात आमी राणीसावरगावच्या कामावर होतो, तितं माझ्या पोरीचं काढलं होतं बाईनं. हाय का बघायला आले."

"बघा की मावशी, फुकट आहे," मी म्हणालो आणि माझ्या कामाला लागलो.

ती एकेका चित्रापुढं थांबत थांबत चालली. वीस-बावीस चित्रं झाली. आणि मग मला आवाज आला, घरात हाक मारतात तसा.

"शेवंते, पदर नीट कर की."

मी वळलो. गयाबाई दोनशे चौदाच्या पुढं उभी होती. तिनं हात पुढं केला, चित्रातला तो उडालेला पदर सारखा करायला. आणि माझ्या तोंडातून इतक्या वर्षांच्या सवयीनं शब्द गेले, "मावशी, हात लावू नका!"

तिनं हात मागं घेतला. "माझीच पोरगी हाय," ती म्हणाली. रागावून नाही, मला माहिती नसेल म्हणून सांगितल्यासारखं. "दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात हगवणीनं गेली. एका दिसात गेली. फोटू न्हाई, काय न्हाई. अलीकडं तर मला तिचं तोंड आठवना झालं होतं. डोळे आठवायचे, पर तोंड जुळत नव्हतं."

तेवढ्यात तिची नजर पाटीवर गेली. तिला वाचता येत नव्हतं, पण ती वाकून आकड्यांकडं बघायला लागली. मग गळ्यातला काळा दोरा तिनं ओढून बाहेर काढला. त्याला पत्र्याचा एक बिल्ला होता, रुपयाएवढा, कडा झिजलेल्या. तो तिनं पाटीच्या शेजारी धरला.

दोनशे चौदा.

"ह्यो तिचा हजेरीचा नंबर," गयाबाई म्हणाली. "कामावर मुकादमानं सगळ्याला दिले होते. रांगंत बिल्ला दाखवायचा अन् खायला सुकडी घ्यायची. पर तुमाला कसा कळला?"

मी बिल्ल्यावरचा आकडा बोटानं चाचपला, मग पाटीवरचा. सात महिन्यांची वणवण, तीनशे अकरा चित्रं, साप्ताहिकातला मजकूर, अमेरिकेचं पत्र, सगळं त्या पत्र्याच्या तुकड्यानं एका क्षणात धुऊन काढलं. ते चित्रांचे नंबर नव्हतेच. माणसांचे होते! बाईनं समोरच्याच्या गळ्यातला बिल्ला बघून आकडा जसाच्या तसा उतरवला होता. तीनशे बेचाळीस चित्रं कधी नव्हती. कामावर तीनशेच्या वर माणसं होती, आणि तिनं त्यांतली एकतीस काढली होती.

मी साहेबांच्या खोलीत पळत गेलो. साहेब ऐकून पांढरे पडले. "उत्तमराव, आपण अमेरिकेला लेखी कळवलंय!"

"माझ्या नावावर घाला साहेब. पण आधी बाहेर या."

बाहेर गयाबाई चित्राखाली मांडी घालून बसली होती. साहेबांनी तिला समजावलं, की मावशी, चित्र त्या बाईंच्या मालकीचं आहे, सहा दिवसांनी ते विलायतेला जाणार, तोवर तुम्ही रोज येऊन बघा.

"अन् मंग?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले.

"मी हितंच बसते," गयाबाई म्हणाली. "येकदा गेली तवा मला कुणी इचारलं न्हाई. आता इचारल्याबिगर कशी नेतेत ते बघते."

पाच वाजता संग्रहालय बंद व्हायचं. चार वाजले तरी ती उठली नव्हती. पाणीसुद्धा घेतलं नाही. मार्थाबाई आल्या तेव्हा साहेब घामाघूम झाले होते. बाईंनी विचारलं, ही कोण, का बसलीय? आता इथं पाठक साहेबांचा मोठेपणा सांगतो. मला इंग्रजी मोडकंतोडकं. गयाबाईला अजिबात नाही. साहेबांनी मनात आणलं असतं तर 'दमली आहे, विश्रांती घेतेय' एवढं सांगून वेळ मारून नेली असती. त्या भित्र्या माणसानं एकेक शब्द भाषांतर करून सांगितला. शेवंताचं नाव, हगवण, बिल्ला, आणि आमच्या मूर्खपणाचे तीनशे अकरा. काहीसुद्धा वगळलं नाही.

मार्थाबाईंनी बिल्ला हातात घेतला. मग म्हणाल्या, चित्राची पाठ दाखवा.

पाठीवर तर माझं अस्तर! मी चित्र उतरवलं, टेबलावर पालथं घातलं आणि कात्रीनं माझेच टाके उसवायला बसलो. इतके बारीक, इतके सारखे टाके मी आयुष्यात परत घातले नाहीत. अस्तर बाजूला झालं. पिठाच्या पिशवीवरची निळी छापील अक्षरं, आणि त्यांच्यावर कुंचल्यानं काढलेला, जरा वाकडा २१४. शेजारी बिल्ल्यावरचा २१४. चौदातला चार दोन्हीकडं एकाच बाजूला कललेला.

मार्थाबाई हळू आवाजात बोलायला लागल्या आणि साहेब आम्हाला मराठीत सांगत गेले. "त्या म्हणतात, लहानपणापासून नोराची ही सवय होती. चित्रावर पुढं स्वतःचं नाव कधी घालायची नाही. ज्याला द्यायचं त्याचं नाव मागं लिहून ठेवायची. माझ्या खोलीतल्या चित्रांच्या मागं सगळीकडं मार्था लिहिलंय, म्हणतात. हे नंबर म्हणजे..." साहेबांनी चष्मा काढला. "हे नंबर म्हणजे पत्ते आहेत, उत्तमराव. ही चित्रं तिनं त्या त्या माणसाला देऊन टाकली होती. पोचवायची तेवढी राहिली."

देते म्हणली होती! माझ्या वहीतलं ते पान माझ्या डोळ्यापुढं उभं राहिलं.

मार्थाबाई वाकल्या आणि चित्र उचलून गयाबाईच्या मांडीवर ठेवलं. साहेब सवयीनं "कागद, पावती..." असं काहीतरी पुटपुटले, पण हलले नाहीत. गयाबाईनं शेवंताच्या गालावरून बोटं फिरवली, मग त्या पदरावरून. या खेपेला मी तोंड घट्ट मिटून उभा होतो.

वाटलं, आता ती चित्र घेऊन उठेल आणि एस्टी गाठेल. आम्ही कुणी अडवलं नसतं. पण तिनं साहेबांना विचारलं, "तिकडं लोक बघायला येतील का हिला?"

"येतील मावशी. पुष्कळ येतील."

"नाव सांगतील का, का अशीच कुणीतरी म्हणून लावतील?"

हे सरळ माझ्या काळजात गेलं. अनामिक मुलगी मीच लिहिलं होतं ना, सुरेख अक्षरात! मी म्हणालो, "नाव लिहितील. मी इथून लिहूनच पाठवतो."

तिनं बिल्ला मागून घेतला आणि परत गळ्यात अडकवला. मग म्हणाली, "मंग जाऊन येऊ द्या. कधी कुठं गेली न्हाई बिचारी. राणीसावरगावच्या पल्याड एस्टीत बसली न्हाई. पर परत आणून द्यायची, साहेब. बिल्ला माझ्यापाशीच राहील."

मी तिथंच बसून नवी पाटी लिहिली. चित्रकार नोरा हॅलम. शेवंता, ताडकळस. मालकी गयाबाई, ताडकळस. लिहिता लिहिता वर चित्राकडं बघितलं आणि मालकीतला म जरा बिघडला. मी तो तसाच ठेवला.

पुढचे सहा दिवस! काय सांगू तुम्हाला ते सहा दिवस! दिगंबर पेंटर मोटारसायकलवर गावोगाव बोंब मारत फिरला. राणीसावरगावहून ट्रक भरून माणसं आली. कुणाच्या कमरेला, कुणाच्या चंचीत, कुणाच्या देवळीत पाच वर्षं पडलेले बिल्ले निघाले. लोक बिल्ला पुढं धरून भिंतीवर नंबर शोधत फिरत होते, आणि नंबर जुळला की सगळ्या खोलीत आरोळी! चित्रं लावली होती त्या तलवारींच्या खोलीत गर्दी मावेना. माझ्या एकशे साठ नंबरच्या 'विचारमग्न वृद्धा'पुढं एक म्हातारबा येऊन उभे राहिले आणि पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली.

"विचार कशाचा आलाय बोडक्याचा," म्हातारबा म्हणाले. "झोपलो होतो मी! मुकादमानं बघितलं असतं तर खाडा मांडला असता."

सगळे पोट धरून हसले, मीही हसलो, आणि पाटी बदलली. बोरू खाली ठेवायला सवड नव्हती. आठवड्याच्या शेवटी एकतीसपैकी तेवीस चित्रांना नाव आणि मालक मिळाले. आठ माणसं कोण ते कळलंच नाही. मी सात महिने योग्य प्रश्न विचारत हिंडलो असतो तर तीही कळली असती, ही रुखरुख मला अजून आहे. त्या सात महिन्यांत मी ताडकळसच्या बाजारात चार वेळा गेलो होतो. गयाबाई तिथंच कोथिंबीर विकायला बसायची. मी तिच्या समोरून चित्रं विचारत गेलो असणार.

चित्रं अमेरिकेला गेली. तिकडून मार्थाबाईंनी छापील पुस्तक पाठवलं. त्यात पहिल्याच पानावर शेवंता होती, खाली तिचं नाव इंग्रजीत आणि शेजारी माझ्या हातची पाटी, बिघडलेल्या म सकट, जशीच्या तशी छापलेली. साहेबांनी ते पुस्तक वरच्या ऑफिसला पाठवलं नाही. स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि येईल त्याला दाखवायचे.

सव्वा वर्षानं चित्रं परत आली. दोनशे चौदा मी कुणाला हात लावू दिलं नाही. गोधडीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि ताडकळसच्या एस्टीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "काय लेकरू-बिकरू हाय का काय, एवढं जपायलाव?" मी हो म्हणालो.

गयाबाईचं घर एका खोलीचं. मी गोधडी सोडली. तिनं आधी हात धुतले, पदराला पुसले आणि गळ्यातला दोरा काढून बिल्ला माझ्यापुढं धरला.

"हे कशाला मावशी? ठेवा तुमच्यापाशी."

"घ्या. बिल्ला दाखवायचा अन् आपलं घ्यायचं, तशी रीत होती आमची. आता माझ्याकडं काय काम त्याचं? पोरगी घरी आली."

मी बिल्ला घेतला. मग माझा धंदा जागा झाला आणि मी सांगायला लागलो, की मावशी, चित्र उन्हात लावायचं नाही, ओल्या भिंतीला लावायचं नाही, आणि चुलीच्या जवळ तर मुळीच नाही, धुरानं रंग काळा पडतो. गयाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि चुलीच्या वरच्या भिंतीकडं बोट केलं.

"तितं लावा. मी दिसभर तितंच असते."

"मावशी, धूर..."

"धूर तिला नवा न्हाई."

मी भिंतीकडं बघितलं. पिशवीतून हातोडी काढली आणि खिळा मीच ठोकला.